रजिस्टर एडी मागू नका: पुण्यातून पार्सल पाठवणाऱ्या नवख्यांसाठी

2025 च्या सप्टेंबरात मला आमच्या सोसायटीच्या एका सभासदाच्या नावे नोटीस पाठवायची होती. नेहमीच्या पोस्टात गेले आणि खिडकीवर सवयीने म्हणाले, "रजिस्टर एडी करायचंय", म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट. आतून उत्तर आलं, "ते आता नाही ताई, स्पीड पोस्ट करा." मागे दहा माणसांची रांग होती. काही न कळल्याने पाकीट पर्समध्ये टाकून मी परत आले. त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या भावाला फराळ पाठवायची चौकशी करायला गेले, तर अमेरिकेचं बुकिंगच बंद. त्याआधीच्या डिसेंबरात कोकणातल्या एका वाचनालयाला पुस्तकं पाठवताना बुक पोस्टच्या बाबतीतही असाच हात हलवत परतण्याचा प्रसंग आला होता.

तीन हेलपाटे झाले, आणि तिन्ही वेळा पोस्टाचं काही चुकलं नव्हतं. मीच जुनी नावं घेऊन खिडकीशी उभी होते. पुण्यात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना, नोकरदारांना आणि घरून छोटा धंदा करणाऱ्या बायकांना हे हेलपाटे पडू नयेत, म्हणून मला जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे.

आधी काय काय बदललं ते

1898 चा जुना टपाल कायदा जाऊन 2023 चा नवा कायदा 18 जून 2024 पासून लागू झाला. त्यामागोमाग सेवांची नावं आणि रचना बदलू लागली. डिसेंबर 2024 मध्ये पुस्तकांची रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा थांबली आणि 1 मे 2025 पासून तिच्या जागी ज्ञान पोस्ट आली. 1 सप्टेंबर 2025 पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टचे दर बदलले. त्याआधीचे दर ऑक्टोबर 2012 मधले होते, म्हणजे तेरा वर्षांनी हात लागला.

त्या दिवसांत व्हॉट्सअपवर "लाल पेट्या कायमच्या बंद" असे निरोप फिरत होते. त्यात तथ्य नाही. साधं पत्र, अंतर्देशीय, पोस्टकार्ड सगळं चालू आहे, आणि पोस्टकार्ड अजून पन्नास पैशालाच मिळतं. रजिस्टर करण्याची सोयही गेलेली नाही. आता ती स्पीड पोस्टवर थोडे जास्त पैसे भरून घ्यायची जोडसेवा झाली आहे.

1. आधी ठरवा: आत काय आहे?

खिडकीवर सेवेचं नाव मागू नका, आत काय आहे आणि ते कोणाच्या हातात पडायला हवं ते सांगा. माझा सगळा गोंधळ या एका सवयीने मिटला. ढोबळमानाने चार वाटा आहेत:

- कागद (नोटीस, अर्ज, प्रमाणपत्र, करार): स्पीड पोस्ट, डॉक्युमेंटच्या दराने.
- छापील पुस्तकं: ज्ञान पोस्ट.
- वस्तू (कपडे, मसाले, खेळणी, दागिने): स्पीड पोस्ट पार्सल, किंवा घाई नसेल तर जमिनीवरून जाणारं साधं इंडिया पोस्ट पार्सल.
- परदेशी जाणारं काहीही: त्याचं शास्त्र वेगळं, सातव्या पायरीत.

डॉक्युमेंट आणि पार्सल यांचे दरतक्ते वेगवेगळे आहेत, आणि इथेच लोक फसतात. "अर्धा किलोला इतके रुपये" असं कुठेतरी वाचून माणूस जातो आणि मग खिडकीवर हुज्जत घालतो. वाचलेला दर कागदांचा असतो आणि हातात असतो गोडा मसाला.

2. घरून निघताना काय घ्यायचं

- पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह
- दोघांचे मोबाइल नंबर, चालू असलेले
- ओळखपत्र (परदेशी पार्सलाला हवंच, विद्यार्थी सवलतीला कॉलेजचं)
- मोबाइलमध्ये यूपीआय, आणि तरीही थोडे सुटे पैसे
- चिकटपट्टी, कात्री, जाड स्केच पेन
- स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोजायची टेप (हे घरीच वापरायचं, सोबत न्यायचं नाही)

पैसे भरण्याचं आता सोपं झालंय. टपालखात्याची नवी संगणक प्रणाली ऑगस्ट 2025 पर्यंत देशभर बसली आणि खिडकीवर क्यूआर कोड दाखवून यूपीआयने पैसे घेता येऊ लागले. पूर्वी सुट्ट्यांवरून होणारे संवाद ज्यांनी ऐकलेत त्यांना ही केवढी सुधारणा आहे ते कळेल. तरीही रेंज जाते, सर्व्हर बसतो. शंभराच्या दोन नोटा बाळगा.

3. पत्ता: पुण्याचा आणि समोरच्याचाही

पुणेकराला पत्ता सांगायला लावलं की तो मारुतीपासून सुरुवात करतो. पोस्टमनला ते चालतंही, पण त्याच्यापर्यंत पाकीट पोचायला आधी पिनकोड बरोबर लागतो. सहा आकड्यांची ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती ज्यांनी बसवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्यातलेच, संस्कृतात कविता करणारे पंडित. निदान त्यांच्यासाठी तरी सहा आकडे नीट लिहा.

नव्याने भाड्याने राहायला आलेल्यांची चूक ठरलेली असते. दलालाने "कोथरूड" सांगितलेलं असतं म्हणून 411038 लिहितात आणि इमारत निघते कर्वेनगरात, म्हणजे 411052 मध्ये. डेक्कन आणि एरंडवण्याकडे 411004, सदाशिव पेठेत 411030. घरमालकाच्या वीजबिलावरही डोळे मिटून विसंबू नका. टपालखात्याच्या "नो युवर पिनकोड" या संकेतस्थळावर आपलं ठिकाण टाकून एकदा खात्री करा. टपालखात्याच्याच "नो युवर डिजिपिन" या संकेतस्थळावर डिजिपिन हा दहा अक्षर-आकड्यांचा संकेतही मिळतो. तो साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. डिजिपिन पिनकोडच्या जागी लिहायचा नसतो.

पाठवणाऱ्याचा पत्ता डाव्या बाजूला खाली, घेणाऱ्याचा मध्ये, मोठ्या अक्षरांत. परराज्यात जात असेल तर इंग्रजीत लिहिलेलं बरं. आणखी एक चिठ्ठी दोन्ही पत्त्यांसह खोक्याच्या आत टाका. पावसाळ्यात वरचा कागद भिजून निघाला तर ती चिठ्ठीच पार्सलाला वाली असते.

4. कागद पाठवताना: रजिस्ट्रेशन की ओटीपी?

स्पीड पोस्ट डॉक्युमेंटचे 1 ऑक्टोबर 2025 पासूनचे दर असे आहेत. यावर 18 टक्के जीएसटी वेगळा.

50 ग्रॅमपर्यंत: गावातल्या गावात 19 रुपये, बाकी देशभर कुठेही 47.

51 ते 250 ग्रॅम: स्थानिक 24, 200 किलोमीटरपर्यंत 59, 201 ते 500 किमी 63, 501 ते 1000 किमी 68, 1001 ते 2000 किमी 72, त्यापुढे 77.

251 ते 500 ग्रॅम: याच क्रमाने 28, 70, 75, 82, 86 आणि 93.

म्हणजे पेठेतून औंधला साधं पाकीट जीएसटीसह 22 रुपये 42 पैशांत जातं. तेच पाकीट सातारला पाठवा किंवा गुवाहाटीला, 55 रुपये 46 पैसे. जवळच्या गावाला पत्र पाठवणाऱ्याला हे खुपतं, आणि ते साहजिक आहे. आधी वीस ग्रॅमचं रजिस्टर पत्र सुमारे 26 रुपयांत जायचं. ते दिवस गेले.

आता जोडसेवा. रजिस्ट्रेशनला 5 रुपये आणि ओटीपी डिलिव्हरीला 5 रुपये, दोन्हींवर जीएसटी. रजिस्ट्रेशन कागदांना मिळतं तसं पार्सललाही मिळतं. ऐकायला दोन्ही सारखी वाटतात, पण काम वेगळं आहे.

साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं. घरातल्या कोणी घेतलं तरी चालतं. रजिस्ट्रेशन केलं की ते ज्याच्या नावावर आहे त्याला, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच द्यायचं असतं. ओटीपीत घेणाऱ्याच्या मोबाइलवर आलेला आकडा पोस्टमनला सांगितला तरच पाकीट हातात पडतं.

नोटीस, भाडेकरार, न्यायालयाची किंवा सोसायटीची कागदपत्रं असतील तर रजिस्ट्रेशन घ्याच आणि पोचपावतीचंही विचारा. जुन्या "रजिस्टर एडी"चं काम आता या जोडीने होतं. पन्नास ग्रॅमच्या आत बाहेरगावी जाणाऱ्या अशा पाकिटाला 47 अधिक 5, म्हणजे 52, आणि जीएसटी धरून 61 रुपये 36 पैसे. पोचपावतीचे वेगळे. पावतीवर रजिस्ट्रेशनची नोंद छापली आहे का ते खिडकी सोडण्याआधी बघा. साध्या स्पीड पोस्टाची पावती घेऊन घरी आलात तर वकील तुम्हाला परत पाठवतील.

याउलट हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, दिवसभर फ्लॅटला कुलूप असणाऱ्या भाच्याला त्याची मार्कशीट पाठवताना रजिस्ट्रेशन केलंत तर ती वॉचमनकडे ठेवता येणार नाही. पोस्टमन येऊन जाईल, मग भाच्याला सुट्टी काढून पोस्टात जावं लागेल. अशा वेळी त्याच्या ऑफिसचा पत्ता घ्या.

ओटीपीबद्दल माझा स्वतःचा मूर्खपणा सांगते. रत्नागिरीकडच्या मावशीला औषधांची जुनी कागदपत्रं पाठवताना सुरक्षित म्हणून ओटीपी घेतला. मावशीच्या नावावरचा मोबाइल असतो मुंबईला तिच्या मुलाकडे. पोस्टमन अंगणात उभा, आकडा गेला कांदिवलीला, आणि मुलगा लोकलमध्ये. तीन फोन झाल्यावर पाकीट मिळालं, तेही पोस्टमन गावातला म्हणून थांबला. खेड्यात, रेंज नसलेल्या ठिकाणी किंवा म्हाताऱ्या माणसांना पाठवताना ओटीपीच्या वाटेला जाऊ नका.

विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टवर 10 टक्के सवलत आहे. पुण्यात लाखभर मुलं स्पर्धा परीक्षांचे अर्ज पाठवत असतील, पण रांगेत ही सवलत मागताना मी एकालाही ऐकलेलं नाही. मागा.

5. पुस्तकं: ज्ञान पोस्ट

अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घेऊन गावी पाठवणाऱ्यांनी ही पायरी नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात. ज्ञान पोस्टला अंतराचा हिशेब नाही, फक्त वजनाचा आहे:

300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 500 पर्यंत 25, एक किलोपर्यंत 35, दोन किलोपर्यंत 50, तीनला 65, चारला 80 आणि पाच किलोला 100. कर वेगळा. पाच किलोच्या वर एका पार्सलात जात नाही, दोन करावी लागतात.

सदाशिव पेठेतून गडचिरोलीला पाच किलो पुस्तकं शंभर रुपये आणि कर. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने हे जमत नाही. शिवाय नंबर टाकून पार्सल कुठे आहे ते बघताही येतं. बदल्यात ती जमिनीवरून जातात, त्यामुळे वेळ लागतो. परीक्षा आठ दिवसांवर आली असेल तर ज्ञान पोस्ट नको.

अटी लक्षात ठेवा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक स्वरूपाची छापील पुस्तकं चालतात, अभ्यासक्रमाची आणि स्पर्धा परीक्षांचीही. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. मासिकं, नियतकालिकं चालत नाहीत, जाहिरातींची पत्रकं चालत नाहीत. दिवाळी अंकांचा गठ्ठा घेऊन मी गेले होते, तो परत आणावा लागला. क्लासच्या झेरॉक्स नोट्सही यात बसत नाहीत. आणि आत "प्रिय बंडू, कसा आहेस" अशी चिठ्ठी घालू नका. खासगी पत्र घातलं की ते पुस्तकाचं टपाल राहत नाही.

पाकिटावर "ज्ञान पोस्ट" असं ठळक लिहा आणि बांधणी अशी करा की उघडून बघायचं म्हटलं तर बघता येईल. चारी बाजूंनी ब्राउन टेपचा चिलखती पोशाख घातलात तर खिडकीवर तो फाडायची वेळ येते. खाकी कागद आणि आडवी-उभी सुतळी पुरते. कोपरे मात्र पुठ्ठ्याने झाका, कारण पुस्तक आधी कोपऱ्यात दुमडतं.

वजनाच्या टप्प्यावर नजर ठेवा. माझा एक गठ्ठा 1,040 ग्रॅम भरला, म्हणजे पस्तीसच्या जागी पन्नास रुपये. तिथेच बाकावर बसून आतला जाड पुठ्ठा काढला, पुन्हा बांधला, 980 झालं. मागच्या आजोबांनी हसून जागा धरून ठेवली होती.

6. वस्तूंचं पार्सल: वजन दोन प्रकारचं असतं

घरगुती धंदा करणाऱ्यांचा खरा तोटा होतो तो इथे. काट्यावरचं वजन एक आणि आकारमानाचं वजन दुसरं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि 5000 ने भागायचं. येतं ते आकारमानाचं वजन, किलोत. दोन्हींपैकी जे जास्त, त्यावर पैसे.

समजा तुम्ही दोन किलो पातळ पोह्यांचा चिवडा 40 बाय 30 बाय 25 च्या खोक्यात भरला. गुणाकार 30,000, भागिले 5000, म्हणजे सहा किलो. काट्यावर दोन, पैसे सहाचे. चार किलो हवा पाठवलीत. याउलट बेसनाचा लाडू हा टपालाच्या दृष्टीने आदर्श पदार्थ आहे: जड, गोल आणि शेजाऱ्याला चिकटून बसणारा.

म्हणून सामानाला खोकं शोधा, खोक्याला सामान नको. रविवार पेठ, बोहरी आळीकडे निरनिराळ्या मापांचे कोरे खोके, बबल रॅप आणि रुंद चिकटपट्टी मिळते. महिन्याला दहा-वीस पार्सलं जाणार असतील तर तीन मापं ठरवून गठ्ठ्याने आणा. एखाद-दुसऱ्यासाठी वाण्याकडचं बिस्किटांचं खोकं चालतं, पण त्यावरचे छापील बारकोड आणि जुने पत्ते काळे करा किंवा वर कागद डकवा. एका पार्सलावर दोन बारकोड दिसले की कुठला वाचायचा हा प्रश्न यंत्रालाही पडतो आणि माणसालाही.

मसाले, पीठ, पापड असतील तर आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड चिकटवून, मग खोक्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे कपड्यांनाही लागू. खोकं हलवून बघा. आत खुळखुळ वाजली तर अजून कागद कोंबा. पूर्वी मांजरपाटाच्या कापडात पार्सल शिवून गाठींवर लाखेचे ठिपके द्यावे लागत. मोठ्या पोस्टांबाहेर दाभण-सुतळी घेऊन शिवून देणारे बसायचे. आता तसं करून नेलंत तर हसतील, नाकारणार नाहीत.

न चालणाऱ्या गोष्टी: रोख पैसे, फटाके, ज्वालाग्राही द्रवं, गॅस लायटर. अत्तर, सॅनिटायझर आणि सुटी पॉवर बँक यांवर लोक वाद घालतात. विमानाने जाणाऱ्या टपालात ही धोक्याची मानली जातात, वादात वेळ घालवू नका. लोणच्याला थेट बंदी नसली तरी मी पाठवत नाही. तेल झिरपलं की आपल्या पार्सलाबरोबर शेजारच्या चार पार्सलांचा सत्यानाश होतो.

स्पीड पोस्ट पार्सल की साधं इंडिया पोस्ट पार्सल? वजन आणि पिनकोड सांगून दोन्हींचा आकडा विचारा. टपालखात्याच्या संकेतस्थळावर दर काढायची सोय आहे, घरूनच बघून जा. छोट्या, हलक्या पार्सलात फरक थोडा असतो, तेव्हा स्पीड पोस्टच करा. वजन वाढलं आणि अंतर वाढलं की फरक डोळ्यांत भरतो. मौल्यवान वस्तू असेल तर विमा उतरवा, आणि किंमत खरी सांगा.

7. परदेशी पार्सल, आणि अमेरिकेचं प्रकरण

पुण्यात घराआड एक मूल परदेशी, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर पोस्टात फराळाचा वास येतो. 2025 ची दिवाळी मात्र वेगळी होती.

अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचा माल पूर्वी जकातीशिवाय जायचा. ती सूट 29 ऑगस्ट 2025 पासून काढली गेली. जकात कोणी आणि कशी गोळा करायची याची घडी बसेना, विमान कंपन्या टपाल घेईनात, म्हणून आपल्या टपालखात्याने 25 ऑगस्टपासून तिकडचं बहुतेक बुकिंग थांबवलं आणि महिनाअखेरीस सगळंच. 15 ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झालं. लक्ष्मीपूजन होतं 21 तारखेला. मी 16 ला सकाळी रांगेत होते, आणि चकली तुळशीच्या लग्नानंतर पोचली. भावाने तरी फोटो पाठवला, चुरा सोडून बाकी शाबूत.

नवी पद्धत अशी की जकात पाठवणाऱ्याने इथेच, बुकिंगच्या वेळी भरायची. सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा विक्रीच्या मालाला जाहीर किमतीच्या 50 टक्के असा दर होता. म्हणजे चार हजारांच्या कुंदनच्या सेटवर दोन हजार, टपालखर्च वेगळा. हा आकडा अमेरिकेच्या धोरणाबरोबर हलतो. म्हणून गिऱ्हाइकाला किंमत सांगण्याआधी त्याच दिवशीचा दर पोस्टात विचारून घ्या, शेजारणीने मागच्या महिन्यात भरलेला नको. 100 डॉलरपर्यंतच्या खऱ्याखुऱ्या भेटींना अमेरिकेच्या आदेशात सूट ठेवलेली होती. त्यावरून "सगळ्यावर गिफ्ट लिही" असा सल्ला देणारे भेटतील. विकलेल्या मालावर भेट असं लिहिणं हे खोटं जाहीर करणं आहे. पार्सल अडकतं आणि पुढच्या पार्सलांकडेही संशयाने बघितलं जातं.

लागणारी कागदपत्रं: ओळखपत्राची प्रत (मूळही सोबत ठेवा), कस्टम्सचं जाहीरपत्र, आणि वस्तू विकत घेतलेल्या असतील तर बिलं. जाहीरपत्रातली माहिती संगणकावर भरून पार्सलाच्या आधी त्या देशाला जाते, त्यामुळे आतल्या वस्तूंची यादी इंग्रजीत, एकेक ओळीत, वजन आणि किमतीसह घरूनच करून न्या. "खाद्यपदार्थ" असं मोघम लिहू नका. "घरी केलेली तांदळाची चकली, 500 ग्रॅम, 300 रुपये" असं लिहा. घेणाऱ्याचा तिकडचा फोन नंबर आणि पोस्टल कोड यांशिवाय नोंद पुढे सरकत नाही.

खाण्याच्या पदार्थांबाबत अमेरिकेचा एक नियम आपल्या सोयीचा आहे. बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांची आधी सूचना द्यावी लागते, पण एखाद्याने स्वतःच्या घरी बनवून नातलगाला भेट म्हणून पाठवलेला पदार्थ त्यातून वगळलेला आहे. म्हणजे आईच्या हातच्या शंकरपाळ्यांना सूट, आणि दुकानातून आणलेली बाकरवडी मात्र पूर्वसूचनेच्या नियमात येते. दोन्ही एका खोक्यात मिसळून "घरचं" असं लिहू नका. इतर देशांचे नियम वेगळे आहेत, तिकडच्या माणसाला आधी विचारायला लावा.

फराळात काय टिकतं? चकली, शेव, शंकरपाळे, बेसनाचे आणि रव्याचे लाडू (पाकातले, ओलं खोबरं न घातलेले). करंजीत सुकं खोबरं खमंग भाजलेलं असेल तरच. अनारसे मी दोनदा पाठवले, दोन्ही वेळा तिकडे पीठ पोचलं.

धंदा म्हणून नियमित परदेशी विकायचं असेल तर हा घरगुती मार्ग सोडा. आयात-निर्यात कोड काढा आणि डाकघर निर्यात केंद्रात चौकशी करा. तिथे टपालाने निर्यात करण्याची कागदपत्रं संगणकावर करून घेतात.

8. खिडकीवर

सोमवारची सकाळ आणि सणाआधीचा आठवडा टाळा. लहान उपडाकघरात रांग छोटी असते, पण परदेशी पार्सलासाठी साधू वासवानी चौकाजवळच्या जीपीओसारखं किंवा लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टासारखं मोठं कार्यालय बरं. तिथे या कामाचा सराव असतो. पुण्यात गाडी लावायला जागा शोधण्यात जितका वेळ जातो तितक्यात पार्सल होतं, म्हणून शक्यतो बसने किंवा रिक्षाने जा.

संगणकावर नोंद होत असताना पडदा दिसत असेल तर पिनकोड आणि मोबाइल नंबर स्वतः वाचा. दिसत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. पैसे देण्याआधी चूक दुरुस्त होते, नंतर नाही.

9. पावती आणि नंतरचं

पावतीवर तेरा खुणांचा नंबर असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन. स्पीड पोस्टाचा ई ने सुरू होतो. पावतीची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून खिडकीसमोरच फोटो काढा आणि घेणाऱ्यालाही पाठवा. नंबर टपालखात्याच्या संकेतस्थळावर किंवा डाक सेवा अ‍ॅपमध्ये टाकला की प्रवास दिसतो. एकाच ठिकाणी दोन दिवस अडकलेलं दिसलं तर घाबरू नका, मधल्या केंद्रांवरच्या नोंदी उशिरा चढतात. परदेशी पार्सल कस्टम्समध्ये आठवडाभर बसणं नेहमीचं आहे.

त्याहून जास्त झालं तर 1800 266 6868 या टोल फ्री क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. तक्रारीचा नंबर मिळतो, तो लिहून ठेवा. "पार्सल अजून आलं नाही" एवढंच लिहून पुढे सरकत नाही. बुकिंगची तारीख, तेरा खुणांचा नंबर, आतल्या वस्तू आणि शेवटची नोंद कुठली दिसते आहे ते लिहा, पावतीचा फोटो जोडा. आणि त्याआधी घेणाऱ्याला एकदा त्याच्या सोसायटीच्या वॉचमनकडे विचारायला सांगा. माझी हरवलेली दोन पार्सलं तिथेच, केबिनमधल्या खुर्चीखाली सापडली आहेत.